विश्लेषण : सहा टक्क्यांच्या चुकीतून सापडले फ्री रॅडिकल... कोण होते मोझेस गॉम्बर्ग?

ग्रीन टीचे खोके, आवळा कँडीचे पाकीट, हळदीच्या कॅप्सूलची बाटली... यातले काहीही हातात घ्या, कुठेतरी ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द छापलेला असतोच. सोबत फ्री रॅडिकल्सपासून संरक्षणाची ग्वाही. पण हे फ्री रॅडिकल, म्हणजेच मुक्त मूलक, निसर्गात असू शकतात यावर सव्वाशे वर्षांपूर्वी नामवंत रसायनशास्त्रज्ञांचाही विश्वास नव्हता. १९०० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातल्या ३४ वर्षांच्या सहायक प्राध्यापकाने पहिले मुक्त मूलक शोधून काढले. तो मात्र शोधत होता वेगळेच काही. मोझेस गॉम्बर्ग यांची ही कहाणी आणि त्यांच्या त्या रेणूचा आजच्या अँटिऑक्सिडंट चाचण्यांशी असलेला संबंध...

दंगलीच्या गावातून कत्तलखान्यांच्या शहरात

गॉम्बर्ग यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८६६ रोजी येलिसावेतग्राद येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे आणि क्रोपिवनित्स्की या नावाने ओळखले जाते. मार्च १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतर रशियात ज्यूंविरोधी दंगलींची जी लाट उसळली तिची सुरुवातच येलिसावेतग्रादमधून झाली. गॉम्बर्ग तेव्हा १५ वर्षांचे होते. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, कुटुंबाने देश सोडला आणि शिकागो गाठले.

शिकागोत पडेल ते काम करण्याशिवाय पर्याय नव्हता. गुरांच्या बाजारात आणि कत्तलखान्यांच्या परिसरात मजुरी करत मोझेस यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले. १८८६ मध्ये त्यांनी ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला. १८९० मध्ये पदवी, १८९२ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १८९४ मध्ये अल्बर्ट प्रेस्कॉट यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. हे संशोधन कॅफिनवर होते. अँटिऑक्सिडंटसाठी ग्रीन टी पिणाऱ्यांना ही गंमत आवडायला हरकत नाही.

कार्बनचे ‘चार हात’ आणि मोडलेला विश्वास

गॉम्बर्ग यांनी काय केले हे कळण्यासाठी थोडे शाळेतले रसायनशास्त्र आठवावे लागेल. कार्बनच्या अणूला चार हात असतात आणि त्या चारही हातांनी तो कुणाला तरी धरून असतो, असे आपल्याला शिकवतात. शास्त्रीय भाषेत कार्बनची संयुजा चार. मिथेनमध्ये एका कार्बनने चार हायड्रोजन धरलेले असतात. यातला एक हायड्रोजन काढून घेतला की उरलेल्या तुकड्याचा एक हात मोकळा राहतो. तोच मुक्त मूलक. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याच्याकडे जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन असतो आणि जोडी जमवण्यासाठी तो समोर येईल त्याच्यावर झडप घालतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे मोकळे तुकडे बाटलीत भरता येतील या आशेने अनेकांनी प्रयत्न केले. एडवर्ड फ्रँकलंड यांना तर १८४९ मध्ये आपण इथाइल मूलक वेगळे केले असे वाटले होते. पुढे कळले की तो ब्युटेन वायू होता, म्हणजे दोन इथाइल तुकडे एकमेकांना चिकटून बसले होते. दरम्यान १८५८ मध्ये केकुले यांनी कार्बनच्या चार हातांचा नियम मांडला आणि त्यावर सेंद्रिय रसायनशास्त्राचा सारा इमला उभा राहिला. हजारो संयुगे या नियमात चपखल बसत होती. तीन हातांचा कार्बन म्हणजे मग अंधश्रद्धाच ठरली. १९०० पर्यंत हा विषय बंद झाल्यातच जमा होता.

हायडेलबर्गमधला हट्ट

१८९६-९७ मध्ये गॉम्बर्ग यांनी रजा घेतली आणि जर्मनी गाठली. त्या काळी रसायनशास्त्राची काशी तीच. म्युनिकमध्ये अडॉल्फ फॉन बायर आणि नंतर हायडेलबर्गमध्ये व्हिक्टर मायर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. मायर यांच्याकडे त्यांनी जो विषय निवडला तो मोठमोठ्यांना दाद न देणारा होता. एका कार्बनच्या चारही हातांना बेंझिनचे एकेक अवजड कडे लावायचे, म्हणजे टेट्राफेनिलमिथेन तयार करायचे. जागा इतकी अपुरी की ते शक्यच नाही असा समज होता. खुद्द मायर यांना त्यात यशाची आशा वाटत नव्हती. गॉम्बर्ग यांनी ते करून दाखवले. हाती आलेला पदार्थ अगदी थोडा होता, पण होता.

ॲन आर्बरला परतल्यावर त्यांनी पुढची पायरी चढायचे ठरवले. दोन कार्बन एकमेकांना जोडलेले आणि त्यांच्या उरलेल्या सहा हातांना सहा बेंझिन कडी. नाव हेक्झाफेनिलइथेन. कृती कागदावर सोपी होती. मधल्या कार्बनला तीन कडी आणि एक ब्रोमीन किंवा क्लोरीन असलेला ट्रायफेनिलमिथाइलचा क्षार घ्यायचा, त्यात चांदीची बारीक पूड टाकायची. चांदी क्लोरीन ओढून घेईल, मागे उरलेले दोन तुकडे एकमेकांचा हात धरतील आणि काम फत्ते.

सहा टक्के गेले कुठे?

प्रयोगातून पांढरा, स्फटिकासारखा पदार्थ मिळाला. दिसायला हवा तसाच. तो खरोखर हेक्झाफेनिलइथेन आहे का हे तपासण्याची तेव्हाची पद्धत म्हणजे पदार्थ नेमका तोलून जाळायचा. त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचे पाणी होते. दोन्ही वेगवेगळे पकडून त्यांचे वजन करायचे आणि मागे हिशेब करत जायचा. हेक्झाफेनिलइथेनमध्ये कार्बन आणि हायड्रोजनशिवाय काहीच नाही. कार्बन ९३.८ टक्के, हायड्रोजन ६.२ टक्के, बेरीज १००.

गॉम्बर्ग यांचा कार्बन भरला सुमारे ८८ टक्के. हायड्रोजन साधारण ६ टक्के. बेरीज ९४. सहा टक्के पदार्थ बेपत्ता.

हिशेब जुळला नाही की आधी उपकरणावर संशय घ्यायचा, ही सवय प्रत्येक प्रयोगशाळेत असते. गॉम्बर्ग यांनीही तेच केले. जळण अर्धवट राहिले असेल असे समजून त्यांनी विश्लेषण पुन्हा केले. आकडा तोच. पदार्थ नव्याने तयार केला, अधिक शुद्ध केला. आकडा तोच. चांदीऐवजी दुसरे धातू वापरून पाहिले, तरी तेच. इथे बरेच जण मिळालेला पदार्थ अशुद्ध म्हणून फेकून देतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. प्रबंधात तळटीपही येत नाही. गॉम्बर्ग थांबले ते एका साध्या कारणासाठी. चूक प्रत्येक वेळी तेवढीच येत असेल तर ती चूक नसून मोजमाप आहे.

बेपत्ता सहा टक्के म्हणजे ऑक्सिजन होता. मिळालेला पदार्थ पेरॉक्साइड निघाला, दोन अवजड तुकड्यांच्या मध्ये दोन ऑक्सिजन अणू अडकलेले. प्रयोगात कुठेच ऑक्सिजन घातलेला नव्हता. मग तो आला कुठून? उत्तर प्रयोगशाळेतच सगळीकडे पसरलेले होते. हवेतून.

त्यांनी मग हवा पूर्णपणे वगळणारी मांडणी केली. सारी क्रिया कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात, बेंझिनमध्ये, जस्त वापरून. आता द्रावण पिवळे झाले. त्यातून मिळालेल्या रंगहीन पदार्थाचे विश्लेषण केले तेव्हा आकडे जुळले, कार्बन आणि हायड्रोजन मिळून शंभर. म्हणजे हेक्झाफेनिलइथेन अखेर मिळाले म्हणायचे का? कागदावर हो. वागणुकीत अजिबात नाही. असा हायड्रोकार्बन शांत, सुस्त असायला हवा. हा पदार्थ हवा लागताच ऑक्सिजन गिळत होता आणि आयोडीनचा रंग थंड द्रावणातही क्षणात घालवत होता. मोकळा हात असलेल्यानेच असे वागावे.

नोव्हेंबर १९०० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. त्यात तीन हातांच्या कार्बनचे उदाहरण सापडल्याचा दावा शीर्षकातच होता. हे मूलक म्हणजे ट्रायफेनिलमिथाइल. निबंधाच्या शेवटी त्यांनी हे क्षेत्र काही काळ आपल्यासाठी राखून ठेवावे अशी विनंतीवजा सूचनाही केली होती. ही विनंती कुणी फारशी मानली नाही, हे सांगायला नको.

विरोधक, बाजू घेणारे आणि हलवली की रंग उडणारी बाटली

साऱ्या इमल्याच्या पायाला हात घालणारा दावा अमेरिकेतल्या फारशा परिचित नसलेल्या विद्यापीठातून आला होता. शंका घेणे साहजिक होते. १९०५ मध्ये पॉल याकोबसन यांनी वेगळाच आराखडा पुढे केला. त्यांच्या मते दोन तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत खरे, पण मधोमध नाही. एका तुकड्याचा मधला कार्बन दुसऱ्याच्या एका कड्याच्या टोकाला चिकटला आहे. ही कल्पना लक्षात ठेवा, ती शेवटी परत येणार आहे.

१९०८ मध्ये युलियस श्मिडलिन यांनी एक देखणा पुरावा दिला. पिवळे द्रावण हवेसोबत हलवले की रंग उडतो, बाटली थोडा वेळ तशीच ठेवली की रंग परत येतो, पुन्हा हलवले की पुन्हा उडतो. म्हणजे बाटलीत दोन प्रकार नांदत असतात. बहुतेक रेणू जोडीने आणि रंगहीन, थोडे सुटे आणि पिवळे. सुटे असलेले ऑक्सिजनने पकडले की जोड्यांमधून नवे सुटतात. दोन वर्षांनी विल्हेल्म श्लेंक यांनी आणखी मोठी कडी लावून असे मूलक बनवले की ते द्रावणात जवळजवळ पूर्णपणे सुटेच राहते, गडद जांभळे. यानंतर मूलक असतात की नाही हा वाद संपला.

गॉम्बर्ग यांच्या पुढच्या आयुष्यात नाट्य कमी आणि काम जास्त आहे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूच्या निर्मितीतील एका मधल्या रसायनाची पद्धत त्यांनी बसवून दिली आणि धूरविरहित दारूगोळ्याबाबत लष्कराला सल्लाही दिला. १९२७ ते १९३६ ते विभागप्रमुख होते, १९३१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष. लग्न केले नाही, बहिणीसोबत राहिले. नोबेल मिळाले नाही. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ॲन आर्बरमध्येच त्यांचे निधन झाले आणि त्यांची मालमत्ता विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी विभागाला मिळाली. कत्तलखान्यांच्या परिसरात राबून शिकलेल्या माणसाने ती कुणासाठी ठेवली असेल, हे समजणे अवघड नाही.

प्रयोगशाळेतून गणिताच्या वहीत

एक प्रश्न मात्र गॉम्बर्ग यांच्या हयातीत अर्धाच सुटला. बाकी मूलके क्षणात नष्ट होतात, मग हेच टिकते कसे? याचे उत्तर काचसामानातून मिळणारे नव्हते. १९३१ च्या सुमारास एरिख ह्युकेल यांनी पुंज यांत्रिकीच्या आधारे कड्यांच्या रेणूंमधील इलेक्ट्रॉनचा हिशेब मांडण्याची सोपी पद्धत दिली. १९३३ मध्ये लायनस पॉलिंग आणि जॉर्ज व्हीलंड यांनी बेंझिन, नॅप्थलिन आणि त्यांच्याबरोबर गॉम्बर्ग यांच्या रेणूसारखी मुक्त मूलके, यांच्या स्थैर्याचे गणित प्रसिद्ध केले. संगणक नव्हता, सारे कागदावर. हिशेब सांगत होता की मोकळा इलेक्ट्रॉन एका कार्बनवर बसून राहत नाही, तो तिन्ही कड्यांवर पसरतो. भार वाटला गेल्यामुळे त्याची झडप मंदावते. शिवाय तीन कडी पंख्याच्या पात्यांसारखी तिरकी वळून मधल्या कार्बनभोवती कुंपण घालतात, त्यामुळे दुसऱ्या तुकड्याला जवळ यायला जागाच उरत नाही.

आजच्या संगणकीय रसायनशास्त्राची ही एक जन्मकुंडली म्हणता येईल. आणि अँटिऑक्सिडंटचे सारे शास्त्र याच दोन मुद्द्यांवर उभे आहे.

हळद मुक्त मूलकांना रोखते म्हणजे नेमके काय होते?

तेल खवट होते तेव्हा आत साखळी सुरू असते. एक मूलक तेलाच्या रेणूतून हायड्रोजन हिसकावतो, तिथे नवे मूलक तयार होते, ते गॉम्बर्ग यांच्या पिवळ्या द्रावणासारखेच हवेतला ऑक्सिजन पकडते आणि तयार झालेले पेरॉक्सी मूलक पुढच्या रेणूवर तुटून पडते. शरीरातील पेशींच्या पडद्यांमधील स्निग्ध पदार्थांतही हेच घडू शकते. अँटिऑक्सिडंटचे काम एकच. आपल्याकडचा एक हायड्रोजन आधीच देऊन टाकायचा आणि स्वतः मूलक होऊनही शांत बसायचे. शांत बसता येते, कारण मोकळा इलेक्ट्रॉन कड्यांवर पसरलेला असतो.

मग कोणता पदार्थ किती चांगला, हे संगणकावर मोजता येते. हायड्रोजन सोडायला किती ऊर्जा लागते ते काढायचे. साध्या फिनॉलला सुमारे ८७ किलोकॅलरी प्रतिमोल लागतात, ई जीवनसत्त्वाला साधारण ७७. पेरॉक्सी मूलकाला तोच हायड्रोजन मिळाल्यावर सुमारे ८८ सुटतात. म्हणजे ई जीवनसत्त्वाचा सौदा भरपूर फायद्याचा, फिनॉलचा जेमतेम. अशी गणिते ज्या पद्धतीने होतात त्या डेन्सिटी फंक्शनल सिद्धांतासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल, जॉन पोपल यांच्यासोबत विभागून मिळाले. आज ती बऱ्यापैकी लॅपटॉपवरही चालतात.

प्रत्यक्ष चाचणी तर गॉम्बर्ग यांच्या बाटलीची थेट वंशज आहे. डीपीपीएच हे नायट्रोजनवर मोकळा इलेक्ट्रॉन असलेले मूलक १९२२ मध्ये तयार झाले. तीच युक्ती, अवजड कडी आणि पसरलेला इलेक्ट्रॉन, त्यामुळे ते पावडर म्हणून बाटलीत टिकते. त्याचे द्रावण गर्द जांभळे असते. त्यात अँटिऑक्सिडंट टाकला की हायड्रोजन मिळून रंग पिवळट होतो. रंग किती उडाला हे ५१७ नॅनोमीटरला प्रकाश शोषण मोजून कळते. १९५८ मध्ये मार्सडेन ब्लॉइस यांनी ही पद्धत ‘नेचर’मध्ये मांडली आणि आता फार्मसी महाविद्यालयांच्या प्रकल्पांत ती नेहमीची झाली आहे.

गणित आणि चाचणी नेहमी एकच सांगतात असे मात्र नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचेच पाहा. त्यात हायड्रोजन देऊ शकणाऱ्या दोन जागा आहेत. कड्यावरचा ओएच गट आणि साखळीच्या मधोमध असलेला कार्बन. यांपैकी खरा दाता कोण, यावर शास्त्रज्ञांत दोन तट होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील के. इंदिरा प्रियदर्शिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्क्युमिन आणि ओएच झाकलेले डायमिथॉक्सी कर्क्युमिन यांची तुलना केली. संगणकीय गणितात दोन्ही जागांची ऊर्जा जवळपास सारखी आली. निकाल प्रयोगाने दिला. ओएच झाकताच स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता ८२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर घसरली.

इथे पाकिटावरच्या दाव्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. परीक्षानळीत जांभळा रंग उडाला म्हणून शरीरात तेच होते असे नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्के जास्त आढळले. भाजीतले गाजर आणि बाटलीतली गोळी यांत फरक आहे.

आणि हेक्झाफेनिलइथेनचे काय झाले?

गॉम्बर्ग गेले तेव्हा पाठ्यपुस्तकांत त्यांच्या पिवळ्या द्रावणातील जोडी हेक्झाफेनिलइथेन म्हणूनच छापली जात होती. १९६८ मध्ये ॲमस्टरडॅममधील लँकॅम्प, नाउटा आणि मॅक्लीन यांनी एनएमआर तंत्राने तपासले, तर जोडणी मधोमध नव्हतीच. एका तुकड्याचा मधला कार्बन दुसऱ्याच्या कड्याच्या टोकाला चिकटलेला. याकोबसन यांनी १९०५ मध्ये मांडलेला आराखडा बरोबर ठरला होता, तोही ६३ वर्षांनी.

त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढेच होती. १९७८ मध्ये असे आढळले की सहाही कड्यांना आणखी अवजड फांद्या लावल्या तर मधोमध जोडलेला रेणू मिळतो आणि टिकतो. गर्दी वाढवली की रेणू तुटण्याऐवजी सावरतो, हे कसे? २०११ मध्ये स्टेफान ग्रिमे आणि पीटर श्राइनर यांनी संगणकीय गणिताने त्याचा उलगडा केला. बाहेरच्या फांद्या इतक्या जवळ येतात की त्यांच्यातले एरवी नगण्य समजले जाणारे आकर्षण एकत्र होऊन सारा रेणू बांधून ठेवते. त्याआधीच्या अनेक गणितांत हे आकर्षण धरलेच जात नव्हते. साधे, फांद्या नसलेले हेक्झाफेनिलइथेन, जे गॉम्बर्ग यांना १९०० मध्ये हवे होते, ते अजूनही कुणाच्या बाटलीत आलेले नाही.